थंडीतला डोळ्यांचा व्यायाम

समोरच्या टेलरिंगच्या दुकानातून विमलबाई गळ्यात टेप तसाच ठेवून तरातरा आल्या आणि माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "चार दिवस बघतेय! मी एकटी बाई दिसले म्हणून या वयात डोळा मारताय?"

मी विधुर माणूस. हातातलं घड्याळच सुटलं. "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय! थंडीत डोळे कोरडे पडतात, म्हणून घड्याळं दुरुस्त करताना मधूनमधून लांब बघायचं आणि डोळे मिटून उघडायचे. इथून लांब म्हणजे तुमचंच दुकान दिसतं."

"मग एकच डोळा का मिटता?"

मी आरशात पाहिलं. उजव्या डोळ्यावर तारेनं अडकवलेलं भिंग तसंच होतं. तीस वर्षांची सवय, ते काढायचं लक्षातच येत नव्हतं. त्यामागचा मिटलेला डोळा रस्त्यापलीकडून कुणाला दिसणार?

विमलबाई इतक्या हसल्या की त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मी आठवणीनं भिंग काढलं, समोर पाहिलं आणि दोन्ही डोळे शहाण्यासारखे मिटून उघडले.

विमलबाईंनी मशीन थांबवलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हसू दाबत एकच डोळा मिटला.