एक पाना कमी

विमान कंपनीची नवीकोरी विमानं आली, तशी जुनी मोडीत निघाली. थोरला तिथला मुख्य मेकॅनिक. नव्या विमानापुढे फोटोसाठी छाती काढून उभा होता, तेवढ्यात मोडीवाल्यांकडे कामाला असलेला धाकटा भाऊ समोर आला. अठरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

काम संपलं की हत्यारं मोजायची, एक जरी कमी भरलं तरी विमान सोडायचं नाही, आत राहिलेलं हत्यार उडताना कुठे अडकलं तर घात, हा हँगरचा नियम. अठरा वर्षांपूर्वी धाकटाही तिथंच कामाला होता. एके दिवशी थोरल्याचा पाना कमी भरला. शोधायचा तर अख्खं विमान उघडावं लागणार, आणि साहेब डोक्यावर बसलेले. थोरला बोलून गेला, "धाकट्याने खिशात घालून नेला, मी पाहिलं." विमान वेळेवर उडालं. धाकट्याची नोकरी गेली.

आता धाकट्याने मळकट पाना पुढे केला. त्यावर थोरल्याचा नंबर कोरलेला होता.

"जुन्या विमानाचा तळ उचकटला. पत्र्याखाली होता."

थोरल्याची मान वर होईना. "तुला चोर ठरवलं रे मी. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"माझं जाऊ दे, दादा," धाकटा म्हणाला. "अठरा वर्षं त्या विमानात माणसं बसत होती."