दुभाषी बाई

जागतिक स्पर्धेला स्वयंसेवक हवेत असं कळल्यावर निवृत्त बाईंनी हौसेनं नाव दिलं. जी परकी भाषा जन्मभर वर्गात शिकवली, ती बोलायला अखेर माणसं मिळणार होती. "घरी आलीस की मात्र आमच्याशी आमच्याच भाषेत बोल हं," नवऱ्यानं चिडवलंही होतं.

ज्या देशाच्या संघाला बाई दुभाषी म्हणून दिल्या होत्या, तो संघ शेवटच्या दिवशी विमानतळाकडे निघाला. बसच्या दाराशी एका धावपटू मुलीनं बाईंचा हात गच्च धरला. "मावशी, मला परत पाठवू नका. भावाला तिथल्या पोलिसांनी उचललंय. तिथे उतरले की मलाही उचलतील."

बाई धावतच स्पर्धेच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, आपण यात पडायचं नसतं. त्यांचं ते बघतील," असं म्हणून त्यांनी त्या संघाच्या मॅनेजरलाच बोलावलं आणि ऐकलेलं सगळं सांगून टाकलं.

मॅनेजरनं आणि त्याच्या एका सहकाऱ्यानं मुलीला दंडाला धरून बसमध्ये चढवलं. मागे वळून ती बाईंकडे बघत ओरडली, "मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं!"

"काय म्हणतेय ती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.



"आभार मानतेय," बाई म्हणाल्या.