ग्रुपवर गप्पा नकोत

मसाल्याची पाकिटं मशीनमधून पुन्हा फाटकीच पडायला लागली, तसं सुपरवायझर निंबाळकरांना केबिनमध्ये बसवेना. सकाळीच त्यांनी सगळ्या बायकांचे मोबाइल काढून घेऊन ड्रॉवरमध्ये कोंडले होते. "कामाच्या वेळी ग्रुपवर गप्पा नकोत."

"गप्पा कसल्या, साहेब? मशीन अडलं की काय करायचं, ते आम्ही तिथंच एकमेकींकडून शिकलो," मंदाताई म्हणाल्या होत्या.

आता त्याच मंदाताईंना कुठल्या तोंडानं विचारायचं? मालक तर कधीही येऊन टपकतील. चार येरझाऱ्या घालून निंबाळकरांनी फाटक्या पाकिटाचा फोटो काढला आणि गुपचूप त्याच ग्रुपवर टाकला. "अर्जंट. उपाय सांगा."

टेबलाचा ड्रॉवर एकदम थरथरायला लागला.

दारात मंदाताई उभ्या होत्या. "विचारा की साहेब," त्या म्हणाल्या, "समोरच आहोत."