जित्या माणसाचं हाड

आता बोला! बोराच्या बीएवढं हाड, आणि त्यापायी सकाळपासून घरात चूल पेटलेली नव्हती.

ते हाड लटारूच्या जबड्यातलं. काल चांद्याच्या डॉक्टरनं चिमट्यानं ओढून काढलं, कागदात बांधून बायकोच्या, सुगंधाबाईच्या हातात दिलं आणि वर तिलाच झापलं. नागपूरला तोंडातल्या गाठीवर बिजलीचा शेक दिला तेव्हाच बजावलं होतं ना, दात उपटायचा नाही म्हणून? बजावलं होतं. तिनं नवऱ्याला दहादा सांगितलंही होतं. पण दाढ ठणकली आणि हा शहाणा चामोर्शीच्या बाजारात दातवाल्यापुढे आ करून बसला. खड्डा भरलाच नाही. शेकानं कमजोर झालेलं हाड आतल्या आत मेलं. गाठ परतलेली नाही, डॉक्टर म्हणाला, पण मेलेलं हाड अजून आत आहे. नागपूरला जाऊन काढून घ्या, नाहीतर जबडा मोडेल.

उद्या सकाळची नागपूरची मोटर होती. लटारू जात नाही म्हणून भिंतीला टेकून बसला होता.

"माहं हाड माह्या आंधी गेलं. आता का उरलं?" जबडा बोटभरच उघडत होता, तरी एवढं त्याला बरोबर बोलता आलं.

त्याचा मोठा भाऊ गुणवंतराव ओसरीवरून म्हणाला, "हाड घरात ठेवू नाई. मार्कंडीले नेऊन वैनगंगेत शिरवू. मंग नागपूरचं पाहू."

"अन् म्या का करू, भाऊजी? कुंकू पुसू? तेरवीचा सैपाक करू?"

गुणवंतराव खाकरला.

"भाऊ म्हणते तसं होऊ दे," लटारू म्हणाला.

मग मात्र सुगंधाबाईचं डोकं फिरलं. सहा महिने तिनं त्याच्या तोंडाचा वास सोसला, पू पुसला, दिवसातून चारदा मिठाचं कोमट पाणी पुढे धरलं, कधी नाक मुरडलं नाही. आणि हा बाबा आपल्याच अस्थी सावडायला निघाला! तिनं कोनाड्यातली पुडी ओढली आणि अंगणात गेली. पोरं पडलेला दुधाचा दात फेकतात तसं तिनं ते हाड घराच्या कवेलूंवर भिरकावलं.

"जुना घे, नवा दे!" ती ओरडली. आवाज मधेच फाटला.

"अवं, दात नोहे तो! हाड हाय!" गुणवंतराव उठूनच उभा राहिला.

"मालूम हाय मले."

आत लटारू दोन्ही हातांनी जबडा धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हसवू नोको वं," तो कण्हला. "लय दुखते."

"दुखू द्या. मेलेल्याले दुखत नाई," ती म्हणाली. "उठा, ते धोतर काढा. सकाळच्या मोटरीले धुतलेलं लागन."