तीन टप्पे

शेजारी बसलेल्या घाटोळ्यांनी तिसरी चिठ्ठी माझ्यासमोर सरकवली: 'बोला ना हो मॅडम! लोकांना वाटेल, रेडिओ बंद पडला!' घाटोळे कार्यक्रमाचे निर्माते. माईक चालू असताना समालोचकाशिवाय कुणी हूं की चूं करायचं नाही, हा त्यांचाच नियम.

मी तरी काय करू? अठरा वर्षं बास्केटबॉल खेळले. फ्री थ्रो मिळाला की चेंडूचे तीन टप्पे मारायचे, श्वास रोखायचा आणि मग फेकायचा. खेळ सुटला, सवय सुटली नाही. समालोचक म्हणून हा माझा पहिलाच सामना, आणि फ्री थ्रोला कुठलीही पोरगी उभी राहिली की इथं श्वास माझाच अडकतो. चेंडू रिंगपर्यंत पोहोचेस्तोवर शब्द फुटत नाही.

मध्यंतरानंतरची चिठ्ठी छोट्या अक्षरात होती. 'उद्या दुसरं कोणीतरी बघतो.'

शेवटचे दोन सेकंद उरले. गुण बरोबरीत, आणि आमच्या नागपूरच्या पोरीला फ्री थ्रो. मी अर्थातच गप्प. पुढची चिठ्ठी कशी आली नाही म्हणून बाजूला पाहिलं, तर घाटोळ्यांचं पेन हवेत थांबलेलं आणि गाल फुगलेले. हॉलमध्ये नुसता चेंडू ऐकू येत होता. टप. टप. टप.

जाळी सळसळली.

"गेलाऽऽ! गेला!" घाटोळे उठून माझ्याच माईकवर ओरडले, आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसले.

मी श्वास सोडला. "श्रोतेहो, हे आमचे निर्माते. उद्याच्या सामन्यालाही आम्ही दोघं इथंच असू."