लाकडाची की विजेची

डोळ्यांवर रुमाल बांधून सासरे वर्गासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि पहिला घास सावकाश चघळत होते. सगळी पोरं श्वास रोखून त्यांच्या मिशीकडे बघत होती. मिशी वर गेली, खाली आली, थांबली. आणखी एक तुकडा मिळेल का, असं त्यांनी विचारलं. तो खाल्ला, समाधानानं मान डोलावली आणि निकाल दिला, “विजेची.”

सुनेनं फळ्यावर एक या आकड्यापुढं ‘वीज’ लिहिलं.

ती कॉमर्सच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायची. नुसती सूत्रं घोकून घेऊ नका, धंद्यातला खराखुरा प्रश्न वर्गात आणा, असं शिकवण्यावरचं नवं संशोधन सांगत होतं, आणि तिनं ते फारच मनावर घेतलं होतं. विभागप्रमुखांना हे थेर वाटत होतं. संख्याशास्त्र खडूनं शिकवतात, पावानं नाही, असं तिला ऐकवून ते शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

खराखुरा प्रश्न शोधायला तिला लांब जावं लागलं नव्हतं. सासऱ्यांची बेकरी होती आणि बेकरीत लाकडाची भट्टी. धुरात उभं राहून तिच्या नवऱ्याला खोकला जडला होता. त्याला विजेची भट्टी हवी होती. सासऱ्यांनी मात्र चारचौघांत छाती ठोकून सांगून ठेवलं होतं, की मी आहे तोवर या बेकरीत वीज फक्त दिव्याला. दिलेला शब्द मागं घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कुठलीच गोष्ट ते अर्धी करत नसत, भांडणही नाही. शेवटी नवऱ्यानं दूरच्या शहरात नोकरी पक्की केली. भट्टी बदलली नाही तर महिनाअखेरीस दोघं घर सोडणार होती. हे कानावर पडल्यापासून सासरे घरात फक्त मांजराशी बोलत.

आणि मग एका संध्याकाळी मांजराला मांडीवरून उतरवून तेच म्हणाले, “तुझ्या वर्गातच होऊन जाऊ दे निकाल, सूनबाई. दहातल्या आठ बश्या ओळखल्या, तर माझी भट्टी राहील. नाहीतर आण तुमची वीज.”

तिनं कुठं फट ठेवली नव्हती. पीठ एकाच परातीतलं, वजन सारखं. अर्धे पाव घरच्या भट्टीतले, अर्धे भट्ट्या विकणाऱ्याच्या दुकानातल्या विजेच्या भट्टीतले. बोटांना सुगावा लागू नये म्हणून कडा कापलेल्या. दाराबाहेर एक विद्यार्थिनी नाणं उडवून ठरवत होती, कुठल्या बशीत कुठला पाव. लाकडाचा असेल तर बशीच्या बुडाला लाल ठिपका. नुसते अंदाज ठोकणाऱ्याची निम्मी उत्तरं बरोबर येतात, निम्मी चुकतात, हे सुनेनं पोरांना आधीच समजावलं होतं. वरून ती अशी शास्त्रशुद्ध होती आणि आतून देवाला विनवत होती, की बाबांना काही म्हणता काही ओळखू येऊ नये. असलं मागणं मागताना तिला देवाचीच लाज वाटली.

सासरे तर रंगात आले होते. मध्येच पाण्याचा घोट घेत, मध्येच छताकडे तोंड करत. “ही लाकडाची, डोळे झाकून सांगतो,” असं ते म्हणाले तेव्हा वर्गात हशा पिकला. कुठल्याशा बशीला पुन्हा एक तुकडा मागितला, मिटक्या मारल्या आणि तीही विजेची ठरवली.

दहा उत्तरं फळ्यावर चढली. विद्यार्थिनीनं पहिली बशी उलटी केली. लाल ठिपका. चूक. दुसरी कोरी निघाली. तीही चूक. तिसरी, चौथी, पाचवी. पोरं बाक बडवायला लागली. सहाव्या बशीला विभागप्रमुखांची घडी सुटली, सातव्या बशीला त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. प्रत्येक बशीला सासरे कपाळावर हात मारून घेत आणि वर्ग आणखी चेकाळे. सूनही पोट धरून हसत होती. खोकला जाणार होता, घर राहणार होतं.

आठवी चूक. तिचं हसू ओठांवर अडकलं. नववी चूक. दहावी चूक.

वर्गानं एका सुरात ‘शून्य’ म्हणून गर्जना केली. एक पोरगा धावत फळ्याशी गेला आणि त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फरक कळत नाही.’

सून त्या अक्षरांकडे बघत राहिली. अंदाज असते, तर पाचेक उत्तरं तरी नशिबानंच बरोबर आली असती. दहाच्या दहा बरोबर येणं जेवढं अवघड, तेवढंच दहाच्या दहा चुकणं. नुसत्या नशिबावर सोडलं, तर हजारदा खेळ मांडावा तेव्हा एखाद्या वेळी जमायचं. इतकं नेमकं चुकायला प्रत्येक तुकडा ओळखावा लागतो. आणि तिला आठवलं, ज्या ज्या बशीतला आणखी एक तुकडा त्यांनी मागून खाल्ला होता, तीच तर विजेची ठरवली होती.

सासऱ्यांनी रुमाल सोडला. मिशीत पावाचे कण अडकले होते. तिच्याकडे बघून त्यांनी जरा घाईनंच विचारलं, “हरलो ना गं मी?”

तिनं डस्टरनं ‘फरक कळत नाही’ पुसून टाकलं.

“हरलात, बाबा,” ती म्हणाली. “एकही चूक न करता.”