वरचा मजला

माझा भाचा अर्णव अमेरिकन सैन्यात आहे, कतारच्या तळावर. दर शुक्रवारी तो दोह्यात अल थुमामाला आमच्या घरी जेवायचा आणि मग आम्ही सगळे भटकायला निघायचो. त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरची हजरा न चुकता सुरमईचं कालवण पाठवायची.

त्या सोमवारी त्याने फोनवर हट्टच धरला. "मावशी, सगळे आजच सीलाइनच्या समुद्रावर चला. मी तिथेच येतो." नवऱ्याने मीटिंग सोडली, मी मुलांचा क्लास बुडवला आणि हा आलाच नाही. वर फोन बंद!

"येऊ दे शुक्रवारी," नवरा धुमसत होता. "दारातूनच हाकलतो."

तेवढ्यात दोह्याकडचं आभाळ लखलखलं. मागोमाग स्फोटांचे आवाज आले. म्हणजे हल्ला होणार हे याला माहीत होतं, म्हणून आम्हाला तेवढं शहराबाहेर काढलं.

माझा फोन वाजला. हजरा रडत होती. "खिडक्या हादरतायत गं, पोरं पलंगाखाली शिरलीत. अर्णव बरा आहे ना?"

सुट्टी मिळताच तो आला. मी दार अडवून उभी राहिले.

"वर जा," म्हटलं. "आज हजराच्या पोरांसमोर बसून जेव."